मंजुरीसाठी सादर

रत्नागिरीत वेबसाइटी बनवायचा धंदा करा, किस्से आपोआप साठतात. मी आणि मीना, दोघींचं ऑफिस एसटी स्टँडजवळ. क्लायंट गेला की मीना दार लावते आणि आम्ही पोट धरून हसतो. अण्णांवर सगळ्यात जास्त हसलो. आता त्यांचं नाव निघालं तरी नको वाटतं.

अण्णा संगमेश्वराकडचे, रिटायर्ड हेडक्लार्क. गावच्या शाळेत चार मुलं उरलेली. मुंबईला गेलेल्यांपैकी दोन-तीन घरांनी पोरं आजी-आजोबांकडे ठेवली तर शाळा टिकेल, म्हणून त्यांना गावची वेबसाइट हवी होती. "लिहिणार मी स्वतः. तू फक्त सोपंसं सॉफ्टवेअर बघून दे गो बाय!"

* * *

पहिलं मीनाने निवडलं. "एवढी बटणं? आमच्या साहेबांच्या टेबलावरपण नव्हती!" अण्णांनी हातच लावला नाही. पानाची प्रिंट काढली, लाल पेनाने दुरुस्त्या केल्या आणि एसटीने ती घेऊन आले. दर सोमवारी!

* * *

दुसरं मी निवडलं. शेंबडं पोरही चालवेल असलं. दुपारी अण्णांचा फोन.

"गो, हा कॉम्प्युटर विचारत होता, सगळं पुसू का? मी हो म्हटलं."

"हो कशाला म्हटलंत?"

"विचारतोय म्हणजे वरून आदेश असणार!"

होमपेज गेलं, शाळेचा फोटोही गेला. मीना हसून खुर्चीतून पडायची बाकी होती.

* * *

मग तिसरं. एक चौकोन, एक बटण. अण्णांनी लिहून पाठवायचं, मी मंजूर केलं की वेबसाइटवर दिसणार. परत काही पुसलं जायला नको, म्हणून मंजुरी मुद्दाम माझ्याकडे ठेवली.

अण्णा खूश! "हे आमच्या हापिसासारखं झालं! मी सादर करणार, तू सही करणार."

आणि सादर करत सुटले. स्वल्पविराम बदलला, सादर. देवळाला रंग दिला, सादर. दिवसाला दहा ईमेल! वैतागून मी ते सगळे एका वेगळ्या फोल्डरात वळवले. आठवड्याने बघू म्हटलं. आठवडे कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको.

* * *

मे महिन्यात शाळा वाचवायला गावात सभा होती. अकरा माणसं आली, सगळी काठी टेकत. मुंबईहून कोणी नाही, कारण कोणाला कळलंच नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली नाही.

हे कानावर आलं तेव्हा मी ते फोल्डर उघडलं. सभेची नोटीस तिथेच पडून होती.

जुलैत अण्णा ऑफिसात आले. मला रडूच फुटलं. "अण्णा, चुकलं माझं. पण एक फोन तरी करायचा होतात!"

"साहेबाच्या टेबलावर कागद असला की घाई लावू नये गो. नोकरीभर कधी लावली नाही."

पिशवीतून त्यांनी नोटिशीची प्रिंट काढली. खाली सहीची जागा रिकामी होती.

"सही कर. फाईल बंद करायची आहे."

मी पेन उचललं.

"तारीख आजची घाल हो. मागची नको."