कंसातली अकरा माणसं

बायको गेल्यावर मी दोघांशी बोलणं टाकलं. एक देवाशी आणि दुसरं मुलाशी. देवाला मी तीन महिने रोज एकच गोष्ट मागितली होती, ती त्यानं दिली नाही. मुलगा ऑस्ट्रेलियातून चौथ्या दिवशी पोचला, तोवर अग्नी पुतण्यानं दिला होता. मधल्या विमानतळावर पुढचं विमान चुकलं, असं तो बॅग हातातच धरून सांगत होता, आणि मी भिंगारच्या आमच्या अख्ख्या आळीदेखत म्हणालो, "पाहुण्यासारखा आलास, तसा पाहुण्यासारखा जा." तेरावा झाला आणि तो गेला. नंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा. मी वाजू द्यायचो. पुढे रविवारीही वाजेना, तेव्हा फोन बिघडला असेल म्हणून दुरुस्तीला घेऊन गेलो. दुकानदारानं उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, फोन चांगलाय. कुणी केलाच नाय तर वाजंल कसा?"

घरात एक माणूस उरलं की घड्याळ फार हळू चालतं. एका भाजीला तीन जेवणं पुरतात. अशातच मला ते वेड लागलं. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा दप्तरखान्यानं दीडशेएक वर्षांपूर्वीच्या जहाजांच्या याद्या इंटरनेटवर टाकल्या आहेत. विलायतेहून पोट भरायला तिकडे निघालेली माणसं, त्यांची नावं, वयं, कामधंदे, सगळं हातानं लिहिलेलं. ते वाचून टाइप करून द्यायचं. फुकट काम, कुणीही करावं. मी चौतीस वर्षं तलाठी होतो. कोंबडीचे पाय उमटावेत तसलं अक्षर मी वाचून दाखवलेलं आहे. मुलगा ज्या देशात गेला त्याची एखादी खोट काढायची, एवढाच सुरुवातीला हेतू असावा. पण मग शाळेचा जुना नकाशा भिंतीला लावून एकेका जहाजाची वाट मी पेन्सिलीनं आखू लागलो. तीन-तीन महिने नुसतं पाणी. मधेच कुणाला मूल व्हायचं, कुणी तापानं जायचं.

त्यातलं एक जहाज किनारा दिसत असताना खडकावर फुटलं होतं. त्याची यादी माझ्या वाट्याला आली. अडीचशेच्या आसपास नावं, आणि त्यांतल्या अकरा नावांना कंस. आमच्या सातबाऱ्यावर खातेदार वारला की वारसनोंद होते आणि त्याच्या नावाला कंस पडतो. हजारो नावांना मी स्वतःच्या हातानं कंस केलेले. त्यामुळे मला विचार करावाच लागला नाही. अकरा बुडाले, बाकीचे पोचले. त्या अकरांत एक चार वर्षांची मुलगी होती. तिच्या वयाचा आकडा मी किती वेळा पाहिला असेन, देव जाणे. ह्यांना कधी कुणी पाणी दिलं नसणार, असं मनात आलं आणि सर्वपित्री अमावास्येला मी यादीची झेरॉक्स पिशवीत घालून एसटीनं प्रवरासंगमला गेलो. देवाशी बोलणं नव्हतं, पण मेलेल्यांशी भांडण कशाला?

घाटावर ही गर्दी! गुरुजींनी यादी पाहिली आणि चष्मा वर केला. "काका, घरचे पितर कमी पडले का तुम्हाला?"

"गोत्र माहीत नाही त्यांचं," मी म्हणालो.

"गोऱ्यांना कुठलं आलंय गोत्र! काश्यप म्हणा आणि बसा दक्षिणेला तोंड करून. उरका, मागं लोक खोळंबलेत."

मी नाव वाचायचो, गुरुजी त्याला संस्कृतातून वाट काढून द्यायचे, आणि तीळ-पाणी अंगठ्यावरून ओघळायचं. नऊ नावं झाली. दहावं त्या मुलीचं होतं. तिथं मी कागदावर बोट ठेवून थांबलो. तेवढ्यात शेजारी नंबर लावून बसलेल्या बाईनं विचारलं, "दादा, येवढी समदी तुमच्या घरची?"

साठीची असेल. पदर डोक्यावर, ओच्यात तिळाची पुडी. मी थोडक्यात सांगितलं. ती ऐकत होती, पण डोळे पाण्याकडे होते. मग आपणहून म्हणाली, "माजा ल्योक आट वर्सं झाली गेलाय. बोटीवर काम मिळालंय म्हनून मुंबैला गेल्ता. चिट्टी न्हाई, फोन न्हाई. भावकी म्हंती, आता पानी सोड, त्याचा आत्मा आडकलाय. आले खरी. पन दादा, जित्याला पानी सोडलं तर वो?"

ती माझ्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "तुमी शिकलेली मान्सं. ह्यातलं कुनी जितं न्हाई ना? नीट बगितलं का?"

"सरकारी कागद आहे हा," मी जरा तोऱ्यातच म्हणालो. आणि तिला दाखवायचं म्हणून पानं उलटत गेलो, ती शेवटच्या पानापर्यंत. शेवटचं पान मी आधी कधी वाचलंच नव्हतं. नोकरीत असताना शेवटच्या पानावर सह्या आणि शिक्के असायचे. ते कोण वाचतो? इथे सहीच्या वर दोन ओळी होत्या. कंस केलेल्या व्यक्ती कोळ्यांच्या होडीतून किनाऱ्याला आल्या. बाकी कुणी आलं नाही.

मी त्या ओळी तीनदा वाचल्या. अकरा वाचले होते, आणि बाकीचे सगळे बुडाले होते. इतके दिवस ज्यांना मी सुखरूप पोचवून बसलो होतो, ती सगळी माणसं किनारा बघत बुडाली होती. आणि वाचलेल्या नऊ जणांना मी आत्ताच तीळ-पाणी दिलं होतं.

"गुरुजी, हे परत घेता येतं का?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "काका, दीडशे वर्षं झाली ना? मग आता तरी गेलेच असतील की ते!" मागची रांग हसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता तोंड वाकडं होऊन रडू कधी फुटलं ते कळलं नाही. गुरुजी आवाज उतरवून म्हणाले, "कोण राहिलं, कोण गेलं, ते ठरवायचं काम आपलं नाही हो. आपण फक्त ओंजळ धरायची."

कंस करायची माझी सवय किती खोल गेली होती, ते मला तिथं ओल्या पायरीवर बसून दिसलं. माझा मुलगा जिवंत होता, माझ्याच खिशातल्या फोनमध्ये त्याचा नंबर होता, आणि त्याच्या नावाला मी कधीचा कंस करून मोकळा झालो होतो. ही शेजारची बाई आठ वर्षं काही कळत नसताना कंस करायला तयार नव्हती.

बुडालेल्यांची सगळी नावं वाचायला गुरुजींना वेळ नव्हता. सगळ्यांची मिळून एकच ओंजळ सोडायची ठरली. माझे तीळ संपले होते. त्या बाईनं ओच्यातली पुडी सोडली आणि सगळीच्या सगळी माझ्या हातावर रिकामी केली. "घ्या. माज्या ल्योकाला नगंत ती. ह्यांच्या आया बी वाट बगून बगूनच गेल्या आस्त्याल." पाणी सोडताना तिनं माझ्या मनगटाला हात लावला होता. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. एवढंच सांगतो, की बायको गेल्यापासूनच्या सव्वा वर्षात पहिल्यांदा माझ्याशेजारी कुणीतरी आहे असं वाटलं, आणि ते फक्त त्या बाईपुरतं नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. तिकडे संध्याकाळ असावी. दोनच रिंगमध्ये उचलला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"काही झालं नाही. माझं चुकलं, एवढं सांगायला केला."

तिकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पाण्याचा आवाज येतोय. कुठे आहात?"

"नदीवर."

"एकटेच?"

"नाही रे," मी म्हणालो.

फोन ठेवून वळलो तर ती बाई पायऱ्या चढून गर्दीत गेलेली. नाव विचारलं नव्हतं, गावही नाही. आयुष्यभर लोकांची नावं-गावं लिहून पोट भरलेला माणूस मी, आणि विचारायचं होतं तिथं विसरलो. ती देवी होती, असं मी म्हणणार नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि तिला परतीच्या गाडीची घाई होती. पण तिनं विचारलं नसतं तर ते पान मी जन्मात वाचलं नसतं. तिला कुणी पाठवलं, ह्याचा शोध मी आता घेत नाही. माझ्या शोधांचं काय होतं ते आपण पाहिलंच.

मुलगा दिवाळीला येतो म्हणाला आहे. विमान चुकलं तर चुकू दे, मी थांबेन. आणि रोज सकाळी हात जोडतो तेव्हा स्वतःसाठी मागायला काही सुचत नाही, म्हणून त्या बाईच्या मुलासाठी मागतो. त्याचं नावही मला माहीत नाही. म्हणतो, बोटीवरचा तो, आठ वर्षांपूर्वी गेलेला. तू ओळखतोस त्याला.