दिवसा सांगितलेली गोष्ट

बुशताच्या डोक्यावर एकही केस नाही, तरी दर गुरुवारी तो माझ्या खुर्चीत येऊन बसतो. दाढी हे निमित्त, खरं काम माझं डोकं खाणं. आमच्या सेफ्रू गावात घरोघर विजेचे मीटर वाचत फिरणारा माणूस हा. आकडा टिपून पुढच्या दाराला जावं ना? नाही! याला गोष्टी हव्यात. कुठल्या विहिरीत कोण बसलंय, धबधब्याशी बकरीच्या पायांची बाई कुणाला दिसली, बंद पडलेल्या सिनेमागृहात कोण टाळ्या वाजवतं. मोबाइल पुढे धरायचा आणि म्हणायचं, "हं, सांगा." त्यासाठी कुणी पगार वाढवत नाही की कुणी पाठ थोपटत नाही. बायको म्हणते, "लोकांचे नवरे तिकिटं जमवतात, माझ्या नशिबी भुतं."

पण इतका खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवी गोष्ट मिळाली की तोंडाला फेस असतानाच सुरू व्हायचा. मी वस्तरा धरून ओरडायचो, "मेल्या, गळा कापला जाईल ना!"

अडचण एकच होती. याची नोकरी दिवसाची, आणि आमच्याकडे गोष्ट दिवसा सांगत नाहीत. सांगितली तर घरातल्या पोरांचे केस जातात. भुताखेतांचं चालतं, त्या बातम्या झाल्या. पण राक्षशिणीची, राजाच्या लेकीची खरीखुरी गोष्ट दिवे लागल्यावरच. आणि दिवे लागल्यावर परक्या बायकांच्या घरात मीटर बघायला हा शिरणार कसा?

आमच्या मागच्या गल्लीत लल्ला तामू, म्हणजे तामूबाई, राहायची. घरात विधवा सून विदाद आणि शाळेत जाणारी नात नुहैला. राक्षशिणीच्या घरी शिवणकाम करून सुटलेल्या मुलीची गोष्ट अख्ख्या गावात तिला एकटीला पुरी येत होती. बाकी सगळ्यांकडे नुसते तुकडे. बुशता वर्षभर तिच्या मागे लागला.

"दिवसा नाही सांगणार," ती म्हणायची. "घरात पोर आहे माझ्या."

"लल्ला, खिडक्या लावू, दिवा लावू. झाली की रात्र!"

"अल्लाने तुला केस दिले नाहीत, निदान अक्कल तरी द्यायची."

"म्हणून तर म्हणतो, मला कसली भीती?"

शेवटी म्हातारी हसली आणि फसली. सून कामावर, नात शाळेत. खिडक्या लावून, दिवा लावून तिने गोष्ट सांगितली, अगदी शेवटपर्यंत. त्या गुरुवारी बुशता माझ्या दुकानात चक्क नाचला.

रमजान सरता सरता नुहैलाच्या डोक्यावर नाण्याएवढा चट्टा पडला. मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, मुलांना होतं असं, मलम लावा, येतील केस. मीही तेच सांगितलं, असले चट्टे या धंद्यात पुष्कळ पाहिलेत. पण म्हातारी कुणाचं ऐकेना. "मी केलं," एवढंच म्हणायची. मग तिने गोष्टी सांगणंच सोडलं, रात्रीच्यासुद्धा. डोक्याला रुमाल बांधून पोर तिच्या कुशीत शिरायची आणि आजी भिंतीकडे तोंड करायची. केस गेले ते गेले, वर पोरीच्या गोष्टीही गेल्या.

"मालेम, काय करून बसलो मी?" बुशता मला म्हणाला. धंद्यातल्या जुन्या माणसाला आमच्याकडे मालेम म्हणतात.

"तुझा विश्वास आहे असल्यावर?"

"माझा नाही. पण तिचा आहे. तो आहे हे मला ठाऊक होतं, तरी हसवून हसवून सांगायला लावलं मी तिला."

माफी मागायला गेला तर म्हातारी म्हणाली, "मोबाइलमध्ये भरलेली ती गोष्ट पुसून टाक. माझ्यासमोर पुस." याने पुसली. म्हातारीने त्याचा हात कपाळाला लावला, आणि त्याच रात्री नुहैलाला पुन्हा गोष्ट मिळाली. मलमाने म्हणा, कशाने म्हणा, केसही आले.

"सुटलास," मी म्हटलं.

"मोबाइलमधली पुसली, मालेम. घरी कॉम्प्युटरवर आहे."

"काय माणूस आहेस तू!"

"नाही होत रे माझ्या हाताने! ती गेली की गोष्टही जाईल."

विदादने आभार म्हणून त्याला ताटभर गरम मसेमन, आमच्याकडच्या घडीच्या पोळ्या, आणि मध पाठवला. त्याने एक घासही खाल्ला नाही. ताट माझ्या दुकानात ठेवून निघून गेला, मीच खाल्लं. त्यानंतर त्याने कुणापुढे मोबाइल धरला नाही.

गेल्या थंडीत लल्ला तामू गेली. चाळिसावा झाल्यावर एका गुरुवारी, बुशता खुर्चीत असताना, नुहैला माझ्या दुकानाच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पाठीवर दोन लांब वेण्या.

"काका, आजीची गोष्ट तुम्ही पुसलीत ना?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. बुशताने माझा वस्तऱ्याचा हात बाजूला केला. "नाही पुसली गं. फसवलं मी तिला."

मला वाटलं, आता पोर तोंडावर थुंकणार.

"मग लावा ना," ती म्हणाली. "आवाज ऐकायचाय तिचा."

म्हातारी गेल्यावर त्याने ती गोष्ट पुन्हा मोबाइलमध्ये आणली होती, मलाही बोलला नव्हता. बाहेर लख्ख ऊन. मी शटर खाली ओढलं आणि दिवा लावला. बुशता रेकॉर्डिंग बोटाने पुढे सरकवायला लागला.

"पहिल्यापासून लावा," नुहैला म्हणाली.

"सुरुवातीला काही नाही गं. खिडक्यांचा खडखडाट आहे नुसता."

"असू दे."

खिडक्या खडखडल्या. काडी ओढली गेली. मग बुशताचाच आवाज, "लल्ला, तेवढा मीटर बघून येतो, हे चालूच राहू दे." पावलं लांब गेली. आणि मग म्हातारी, एकटीच, अगदी हळू: "या अल्ला, फार मन आहे रे त्याचं. वर्षभर खेटे घालतोय बिचारा. काही करायचंच असेल तर मला कर. माझ्या पोरीच्या केसाला हात लावू नकोस." मग पावलं जवळ आली. "आलास? बस." आणि गोष्ट सुरू झाली.

नुहैलाने मान वर केली. "हे तुम्ही कधी ऐकलंच नव्हतं?"

"नाही गं," बुशता म्हणाला. "गोष्ट त्याच्या पुढे सुरू होते ना."