विश्राम घाडींची हलकी बंदूक

मिठबावात आमच्या आणि विश्राम घाडींच्या घरांमध्ये एक गडगा, चिऱ्यांचा, कमरेएवढा. त्यांची बायको सीतावहिनी वारली आणि त्या गडग्यापलीकडे बोलायला माणूसच उरलं नाही. मग विश्रामदादा रोज संध्याकाळी बंदूक घेऊन ओट्यावर बसायचे. मारायला नव्हे हो, पुसायला! वानरांपासून आंब्याची कलमं राखायला घेतलेली एकनळी. काडतूस नि घोडा बसतो तो मधला भागसुद्धा पोलादाचा, त्यामुळे वजनाला दणदणीत. आमची खारी हवा लोखंडाला दोन दिवसांत गंज चढवते, म्हणून रोज तेलाचं फडकं फिरवायचं. फडकं वहिनीच्याच लुगड्याचं.

मी गडग्यावरून चिडवायचे, "दादानू, बायलेच्या डोक्याक कधी इतक्या तेल घातलास?"

"गप गो, शेवंती," म्हणायचे, पण तेवढंच कोणीतरी बोललं म्हणून बरं वाटायचं त्यांना.

शिमग्यात देवाची पालखी घाडींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, टेकली की त्या घरच्या पुरुषाने बार काढायचा, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्याचा हात चालत नाही. ब्याऐंशी साली दादांचा खांदा धरला. एकुलता मुलगा भाई तेव्हा बोटीवर नोकरीला. सुट्टीत आला तेव्हा दादा त्याला म्हणाले, "माका आता ही उचलाक जमणा नाय. शिमग्याक तू ये. बार तू काढ."

भाई हो म्हणाला. शिमग्याला आला नाहीच. मे महिन्यात आंबे खायला मात्र हजर, आणि परदेशातून रीतसर कागद करून आणलेली नवी बंदूक घेऊन!

"बाबा, हिचो मधलो भाग अल्युमिनियमचो. वजन बघा! गंज नाय, तेल नको. आता तुमका कोणाची गरज नाय."

सगळी वाडी वाहवा करत होती. दादांनी बोटाने टिचकी मारून पाहिली. "आमच्या भाताच्या टोपासारखी?" एवढंच म्हणाले. भाई परत गेल्यावर गडग्याशी येऊन मला म्हणाले, "हलकी बंदूक खांद्याक जड गो. धक्को सगळो आपल्याकच बसता."

तरी लेकाने आणली म्हणून वानरांवर आणि शिमग्याच्या बारालाही तीच वापरली. तेल नको म्हणाला होता, म्हणून पुसलीही नाही, समुद्राकडच्या खिडकीशी खुंटीला टांगली. तीन पावसाळ्यांत तिचा काळा रंग सुटला, खाली पांढरी भुकटी. काडतूस भरताना नळी ज्यावर मुडपते तो पोलादी खिळा बसतो ते अल्युमिनियमचं भोक इतकं सैलावलं की बंदूक नीट मिटेना. हलवली की खुळखुळा! शेजारी ती जुनी, गंजाचा एक ठिपका नाही.

दुसरा कोणी हळहळला असता. दादांचा चेहरा मात्र उजळला. "बिघाडली गो! आता भाईक येवकच व्हया."

भाईने तोवर बोट सोडून मुंबईत ऑफिस धरलं होतं. एका रात्रीची एस.टी., बस्स! वाडीतला धोंडू मुंबईला निघाला होता, त्याच्याकडे निरोप दिला, "सांग त्येका, नवी बंदूक मोडली, जुनी उचलणा नाय. पालखीक ये."

धोंडू शिमग्याच्या तोंडावर परतला. दादा वाटेपर्यंत सामोरे गेले. धोंडू खाली मान घालून म्हणाला, "भाई म्हणता, कोल्हापूरच्या दुकानात सांगान ठेवलंय. दुसरी घेवा. ह्याच्यापेक्षा हलकी."

मेल्याला एवढंही कळू नये! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा तसेच घराकडे वळले.

पालखी आली तेव्हा त्यांनी जुनी बंदूक कशीबशी ओढत आणून गडग्यावर टेकवली. मी माझ्या कोंबड्या आणि माणसं आत घेतली. बार झाला. लोकांनी देवाचा गजर केला, पालखी पुढच्या घराकडे निघाली. कोणीतरी विचारलं, "भाई खंय?" दादा म्हणाले, "कामात आसा."

खळं रिकामं झालं. बंदूक गडग्यावर तशीच. दादांचा उजवा हात खाली लोंबत होता. डाव्या हाताने त्यांनी ते तेलाचं फडकं माझ्यापुढे धरलं.

"उद्यापासून तू पूस गो. रोज. नायतर गंजतली."

मी फडकं घेतलं आणि तिथेच रडले.