ट्रायलचं बाळ

दातांच्या त्या लॅबमध्ये सगळे तिला ट्रायलबाई म्हणायचे. कवळी पक्की करायच्या आधी ती मेणात करून बघतात. डॉक्टर ती रुग्णाच्या तोंडात बसवतात, कुठे टोचतेय का, हसताना ओठ कसे दिसतात ते पाहतात, आणि मगच पुढचं काम होतं. त्या मेणाच्या फेरीला लॅबमध्ये ट्रायल म्हणत. घाई असली की बाकीचे कारागीर ट्रायलला सरळ फाटा द्यायचे. ही मात्र मालक डोक्यावर येऊन उभा राहिला तरी हलायची नाही. म्हणूनच तिची कवळी कधी परत यायची नाही.

घरीही तोच खाक्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि गमतीत म्हणायचा, "लग्नाआधी माझ्या एवढ्या ट्रायली घेतल्यास, मला वाटलं मेणातच राहतो की काय!"

तिला दिवस गेले तशी तिने कंबरच कसली. पोट दिसायच्या आधी हॉस्पिटलची बॅग भरून दाराशी आली. गर्दीच्या वेळी कुठल्या रस्त्याने लवकर पोचता येतं ते तिने दोन्ही बाजूंनी जाऊन पाहिलं. बाळंतपणाच्या वर्गात श्वास कसा घ्यायचा ते घोकलं. तिथल्या सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या, "घरी एखाद्या बाहुलीवर सराव करा. हात बसतो."

बाजारातली बाहुली तिला पटली नाही. कापसासारखी हलकी, मान ताठ. असल्या बाहुलीवर कसला हात बसणार? मग तिने स्वतःच बाळ केलं. सुती कापडाच्या पिशवीत धुतलेली वाळू भरली, जन्मलेल्या बाळाइतकी जड होईपर्यंत. डोकं केलं लॅबमधल्या गुलाबी मेणाचं, ज्यात रोज हिरड्या करायची त्याच मेणाचं. मान मुद्दाम सैल ठेवली. मिटलेले डोळे, मिटलेलं तोंड.

लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर बसणारी तिची मैत्रीण ते बघून म्हणाली, "बाई गं, हे झोपलंय की काय? मी आपली हळू बोलतेय!"

तेव्हा दोघीही हसल्या.

रोज कामावरून आल्यावर ती त्या बाळाला उचलायची, मानेखाली हात घालायची, दुपट्यात गुंडाळायची, टबात कोमट पाणी घेऊन नुसतीच अंघोळीची नक्कल करायची आणि परत पाळण्यात ठेवायची. नवरा कोपऱ्यातून बघत बसायचा. पुढे पुढे तिच्या लक्षात आलं की तो टीव्हीचा आवाज बारीक करायला लागलाय.

"आवाज का कमी केलास?"

"कुठे काय," तो म्हणाला. मग थोडा ओशाळून, "सवय लागली बहुतेक."

एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या फारशा घराबाहेर पडत नसत. हिला त्यांनी आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग पोटाकडे बघतच राहिल्या.

"अगंबाई! तू अजून मोकळी नाही झालीस?"

"नाही काकू, अजून वेळ आहे."

"मग दुपारचं रडतं कोण तुमच्याकडे?"

दुपारी घरी कुणीच नसायचं. ती लॅबमध्ये, नवरा कुठल्या तरी इमारतीत. "शेजारचं असेल हो," असं म्हणून ती वर आली खरी, पण कुलूप काढून थेट पाळण्यापाशी गेली. पाळण्यातलं बाळ होतं तसंच होतं. तिने उचललं. कापड उबदार लागलं, आत्ताच कुणीतरी कुशीतून खाली ठेवल्यासारखं.

आणि त्याच वेळी पोटातलं बाळ थबकलं.

तिने वाळूचं बाळ खाली ठेवलं. पोटात लाथ बसली. पुन्हा उचललं. पोट गप्प. असं तिने किती वेळा केलं कोण जाणे. दर वेळी तेच. शेजारच्या खोलीत कुणी बोलायला लागलं की आपण श्वास धरून कान देतो ना, तसं ते आतलं बाळ गप्प व्हायचं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ठोके अगदी व्यवस्थित होते. "तुम्ही फार विचार करता," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला होतं असं." तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ती पाळण्यातली चादर बदलायला गेली. वाळूच्या बाळाचं तोंड उघडं होतं.

नवरा म्हणाला, "उकाडा काय कमी आहे? मेणच ते, वितळलं असेल." पण वितळलेलं मेण कसं ओघळतं हे तिला का माहीत नव्हतं? ती बाळाला खिडकीशी घेऊन गेली आणि आत पाहिलं. आत हिरड्या होत्या. वरची, खालची, नीट कोरलेल्या, पुढे पातळ, मागे किंचित फुगीर. तिने तोंड मिटलेलं केलं होतं. आत काही केलंच नव्हतं.

लॅबमध्ये कुठलीही कवळी समोर ठेवली तर ती कुणाच्या हातची आहे हे तिला बघताक्षणी कळायचं. प्रत्येकाच्या हत्याराची लकब वेगळी असते. त्या हिरड्यांवरून तिने बोट फिरवलं. काम तिच्याच हातचं होतं.

"मीच केलं असेन का रे? झोपेत?" तिने विचारलं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "तू रात्री हलतसुद्धा नाहीस. मी जागाच असतो हल्ली." मग म्हणाला, "दे, मी टाकून येतो."

"नाही. केलंय मी, मोडीनही मीच."

दुसऱ्या दिवशी ती बाळाला पिशवीत घालून लॅबमध्ये घेऊन गेली. साच्यातलं मेण काढायला तिथे उकळत्या पाण्याचं भांडं असायचं. तिने पिशवीचे टाके उसवले, वाळू बादलीत ओतली आणि डोकं हातात घेऊन भांड्यापाशी उभी राहिली. मैत्रीण हातातलं काम टाकून शेजारी आली. पाण्याला उकळी फुटली. पोटातलं बाळ पुन्हा गप्प झालं, पण आजची शांतता निराळी होती. आज जणू तिथे कुणी नव्हतंच.

तिने डोकं पाण्यावरून मागे घेतलं. मेण टाकलं तर कोण जाईल? हे की ते?

"काय झालं?" मैत्रिणीने विचारलं.

"दोघंही ऐकतायत गं."

मैत्रीण हसली नाही. तिने फक्त हिच्या पाठीवर हात ठेवला. हिने खाली पोटाकडे बघून हळूच म्हटलं, "तुझी ट्रायल नाही घेणार मी. जसा येशील तसा ये, जशी येशील तशी ये. मला काही येत नाही." आणि डोकं पाण्यात सोडलं.

मेण लगेच वितळलं नाही. तोंड उघडंच ठेवून ते भांड्यात हळूहळू फिरलं. मग गाल गेले, नाक गेलं, आणि पाण्यावर गुलाबी तवंग पसरला. कुठून तरी उसासा आल्यासारखं वाटलं. वाफेचाही असेल. तेवढ्यात पोटात एवढ्या जोराची लाथ बसली की ती टेबलाला धरून खालीच बसली, आणि तिच्या पायांखालची फरशी ओली झाली.

मैत्रिणीनेच तिला हॉस्पिटलला नेलं. भरलेली बॅग घरी दाराशीच राहिली. रिक्षावाल्याने भलताच रस्ता धरला. घोकलेले श्वास पहिल्या कळेलाच हवेत विरले आणि ती गुरासारखी ओरडली. मध्येच कुणीतरी म्हणालं, "बाळ आडवं होतंय," मग म्हणालं, "वळलं, वळलं!" नवरा आला तो एका हातात पाना घेऊनच.

मुलगी झाली. सिस्टरनी ती छातीवर ठेवली तेव्हा हिला ती धरताच येईना. एवढा सराव केलेले हात कुठे घालावेत ते कळेना. वाळू एका जागी बसायची. ही पोर निसटत होती, वळवळत होती, लालबुंद होऊन जगावर रागावत होती.

"मान धरा, मान!" सिस्टर ओरडल्या.

"धरते हो, शिकतेय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

घरी आल्यावर काकू जिना चढून बाळ बघायला आल्या. त्यांनी कौतुक केलं, दृष्ट लागण्यासारखी आहे म्हणाल्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "हिचा आवाज वेगळा आहे हो."

लॅबमधल्या नव्या मुली आता तिला विचारतात, "ताई, पहिल्या खेपेला किती तयारी करायची?" ती सांगते, हॉस्पिटल ठरवून ठेवा, कपडे धुऊन ठेवा, हाकेला धावून येईल असं एक माणूस जवळ असू द्या. "आणि?" त्या विचारतात. ती म्हणते, "आणि पुरे."

तिची एक सवय मात्र नवऱ्याला अजून उमगलेली नाही. मुलगी पाळण्यात कितीही रडत असली तरी ती तिला झटकन उचलत नाही. आधी वाकते, दोन्ही हात पुढे करते आणि विचारते, "घेऊ का?" मुलगी तिच्याकडे बघून पाय झाडते, पोटात झाडायची तसेच. तेवढं दिसलं, की मगच ती उचलते.