आई न्हाणीघरात आहे

माझा डावा कान बंद आहे, आणि त्याचं खापर माझी थोरली बहीण लहानपणापासून स्वतःच्या डोक्यावर फोडून घेत आली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. आमच्या घरी तर संन्यासी स्वतःच दोर घेऊन हजर.

ताई बसस्टँडवर घोषणा करते. काचेची एक खोली, त्यात टेबल, माईक, एक डुगडुगणारी खुर्ची आणि ताई. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली आज येणारच नाही, हे सगळं तिच्या तोंडून बाहेर पडतं. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, हा तिथला नियम. एकदा सांगून स्टँडवर कोणाला ऐकू जात नाही. ती सवय घरीही सुटत नाही. "चहा झालाय. पुन्हा एकदा सांगते, चहा झालाय." एवढ्याशा स्वयंपाकघरात आम्ही माणसं दोन, पण घोषणा दोन वेळा!

गाडी उशिरा आली की ती माईकवर अशी माफी मागते, जणू टायर हिनेच पंक्चर केलंय. प्रवासी खिडकीशी येऊन तावातावाने भांडतात आणि ही त्यांना पाणी देते. मी असते तर एकेकाची चांगली हजामत केली असती. तसा माझा धंदाही तोच आहे. बायकांचे केस कापायचं माझं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकं मला घरातलं सगळं सांगतात. इतर लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. माझा दुसरा बंद, त्यामुळे माझ्याकडे सगळं साठून राहतं.

ताईची कामावर एकच चूक होते, पण ती न चुकता होते. स्टँडवर एखादं मूल एकटं सापडलं की बाकीचे घोषणा करणारे सांगतात, अमुक रंगाचा सदरा घातलेला मुलगा हरवला आहे. ताई सांगते, "निळा सदरा घातलेल्या मुलाचे आई-वडील हरवले आहेत. ते जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीपाशी यावं." एकदा एका बापाने त्यावरून आकाशपाताळ एक केलं. साहेबांनी ताईला बोलावून झापलं, "अहो बाई, मूल हरवतं. आई-बाप कसे हरवतील?" ताई म्हणाली, "साहेब, मूल तर माझ्यासमोर बसून बिस्कीट खातंय. जे दिसत नाहीत ते हरवलेत ना?" मग अर्थातच माफी मागितली. आणि पुढच्या मुलाच्या वेळी पुन्हा तेच.

आमचे आई-बाबा वाईट नव्हते, हीच तर खरी पंचाईत. मारलं असतं, उपाशी ठेवलं असतं, तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. ते नुसते नसायचे. दोघंही देखणी, हसरी, माणसांची हौस असलेली. संध्याकाळी खाली मित्राच्या गाडीचा हॉर्न वाजायचा, आई मानेला अत्तर लावायची, बाबा बूट घालत म्हणायचे, "आलोच!" मित्रांनी त्यांचं नावच आलोच पाडलं होतं. आलोच गेले की कधी पहाटे यायचे, कधी दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही पुढच्या. येताना फुगे मात्र आणायचे. आमच्या घरात डब्यात तांदूळ नसायचे आणि छताला फुगे असायचे.

जाताना आई ताईला बजावायची, "घरात मोठं कोणी नाही हे कोणाला कळता कामा नये. कळलं तर लोक तुम्हा दोघींना नेऊन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतील." माझ्या ताईने हे असं मनावर घेतलं की विचारू नका. दिवेलागणीला ती रिकाम्या घरात मोठ्याने बोलायला सुरुवात करायची. "हो आई, दार लावते!" "आई, भाजी करपतेय बघ!" मध्येच भांडी आपटायची, मध्येच आईसारखं खोकायची. मला तर गंमतच वाटायची, मी टाळ्या पिटायची. भिंतीला भिंत लागून नर्सकाकू राहायच्या. त्या सगळ्यांना सांगायच्या, शेजारच्या बाईंचं पोरींवर किती लक्ष, दिवसभर आवाज चालू असतो.

मी चार वर्षांची असताना माझा कान दुखायला लागला. आई-बाबा तेव्हा कोणाच्या तरी बागेतल्या बंगल्यावर गेले होते. मी रडून घर डोक्यावर घेतलं. नर्सकाकूंनी दार वाजवलं. ताईने दार बोटभर उघडलं, मागे वळून ओरडली, "आई, नर्सकाकू आल्यात!" आणि त्यांना म्हणाली, "आई न्हाणीघरात आहे. तिने औषध घातलंय कानात." नर्सकाकू होत्या भल्या, पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्या नव्हत्या. त्या परत गेल्या. भिंतीपलीकडे नर्स, तिच्या कपाटात औषधं, आणि अलीकडे ताई मला मांडीवर घेऊन टॉवेल गरम करून शेकत बसलेली. कानातून पू वाहायला लागला, तेव्हा कुठे आई-बाबा फुगे घेऊन आले.

तेव्हापासून ताई माझ्या उजव्या बाजूने चालते. रस्ता ओलांडताना, बसमध्ये, लग्नाच्या फोटोत, सगळीकडे उजवीकडे. चांगला कान तिचा मान राखून असतो, असं मी तिला चिडवते. ती हसत नाही. माझ्या शाळेची फी, दुकानाची पहिली खुर्ची, बाळंतपणं, सगळं तिने केलं. स्वतः लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "तुझं नीट होऊ दे आधी." माझं नीट होऊन मला नातवंडं झाली, तरी हिचं तेच.

आणखी एक गोष्ट. कधी दाटीवाटीत ती डावीकडे आली, किंवा मी खाली बसून तिच्याकडून केसांना कलप लावून घेत असले, की ती माझ्या बंद कानापाशी काहीतरी पुटपुटते. मला फक्त ऊन श्वास लागतो. "काय गं?" म्हटलं तर "काही नाही." मला वाटायचं, चुकलं माझं, चुकलं माझं, असंच म्हणत असणार. दुसरं काय म्हणणार ती?

बाबा गेले. आई आता ताईकडे असते. वय झालं, पण पावडर, पर्स आणि तोरा तसाच. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माझ्या पोरी कशा आपोआप वाढल्या. काही म्हणजे काही त्रास दिला नाही." आपोआप! ताई कामावर गेली की शेजारच्या मावशींना आईजवळ बसवून जाते, कारण आईला घरात एकटीला करमत नाही. भीती वाटते म्हणे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हातातली कात्री ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. मला आईचा राग येतो, स्पष्टच सांगते. आणि राग आला की लगेच आपणच काहीतरी पाप केल्यासारखं वाटतं. म्हाताऱ्या जीवावर काय डाफरायचं?

यंदा माझा उजवा कानही कुरकुरायला लागला. गिऱ्हाईक म्हणे थोडेच कापा, आणि मी मानेपर्यंत छाटून मोकळी. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. रजा टाकून ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. आईला एकटं ठेवता येत नाही, म्हणून आईही आली. डॉक्टरांनी डाव्या कानात डोकावून विचारलं, "लहानपणी कान फुटला होता का?"

"माझ्यामुळे," ताई म्हणाली.

"तुम्ही केवढ्या होतात?"

"नऊ वर्षांची."

डॉक्टरांनी मान वर केली. "मग आई-वडील कुठे होते?"

"होते ना," ताई पटकन म्हणाली. "घरीच होते."

आई शेजारीच बसली होती. तिने अगदी शांतपणे मान डोलावली. "घरीच तर होते मी. जाणार कुठे?" तिच्या तोंडावर खोटं बोलल्याची खूणसुद्धा नव्हती. ताईने इतकी वर्षं इतकं चोख निभावलं होतं, की आईलाही आपण घरी होतो असंच वाटत होतं.

बाहेर आल्यावर मी ताईला बाजूला ओढलं. "आता कोण नेणार आहे गं आपल्याला वेगवेगळं? तू अठ्ठावन्नची, मी त्रेपन्नची! एकदा, फक्त एकदा खरं बोल. नाहीतर हे ओझं घेऊनच जाशील वर."

"आईला काय वाटेल?" ताई म्हणाली. "आणि दार तर मीच लावलं होतं ना."

मी कपाळावर हात मारला.

डाव्या कानाची शीर अजून जिवंत आहे, मशीन लावून बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी पुन्हा गेलो. मशीन बसवणाऱ्या बाई टापटीप आणि कडक होत्या. त्यांनी माझा उजवा कान बोळा घालून बंद केला, डाव्यात मशीन बसवलं आणि ताईला माझ्या मागे, डाव्या बाजूला उभं केलं. "ओठ दिसता कामा नयेत. तुम्ही एकेक वाक्य बोला. आणि तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "जे ऐकू येईल ते जसंच्या तसं मोठ्याने म्हणा." आई समोरच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली होती, नाटकाचा पडदा उघडायची वाट बघत असल्यासारखी.

"सहा नंबरच्या फलाटावर गाडी लागली आहे," ताई म्हणाली.

डब्यातून आल्यासारखा आवाज, पण आला! मी वाक्य म्हटलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता हळू. अगदी कुजबुजल्यासारखं."

ताई वाकली. तोच ओळखीचा ऊन श्वास. मग शब्द आले.

"घरी कोणी नव्हतं गं. आई घरी नव्हती."

ती सवयीने बोलली की मुद्दाम, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. मला एवढंच कळलं, की चुकलं माझं हे तिने चारचौघांत जन्मभर म्हटलं होतं, आणि खरं मात्र फक्त या बंद कानात सांगितलं होतं.

"काय ऐकू आलं?" बाईंनी विचारलं.

आई माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होती. तिच्या पावडर लावलेल्या गालांकडे बघून ऐकू नाही आलं, असं म्हणून टाकावंसं वाटलं. आपण एका म्हातारीला ढकलतोय असं वाटलं. तरी मी म्हटलं, मोठ्याने, जसंच्या तसं.

आईचं हसू तिथेच राहिलं. "काहीतरीच ऐकलंय हिने," ती बाईंना म्हणाली. "मशीन बिघडलेलं दिसतंय तुमचं."

बाई गोंधळल्या. त्यांनी ताईला विचारलं, "तुम्ही हेच म्हणालात का? नाहीतर मला मशीन पुन्हा जुळवावं लागेल."

मी मान वळवली. ताईचा चेहरा लालबुंद झाला होता, ती पदराचं टोक बोटांत पिळत होती. तिने आईकडे पाहिलं. आईने पर्सची कडी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"मशीन बरोबर आहे," ताई म्हणाली. मग ती सरळ उभी राहिली आणि तिचा स्टँडवरचा आवाज त्या लहानशा खोलीत घुमला. "आई घरी नव्हती. पुन्हा एकदा सांगते, आई घरी नव्हती."

दोन्ही वेळा मला डाव्या कानाने ऐकू आलं.