वाटीखालचा फासा

मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर हातात मापं घ्यायचा व्हर्नियर असतो, त्यामुळे ‘असं वाटलं’, ‘असा भास झाला’ या भानगडीत मी कधी पडलो नाही. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव जेवणाच्या सुट्टीत वाचायचो ते टाइमपास म्हणून, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा, मला राग येणार नाही. सध्या मला कशाचंच काही वाटत नाही...

आमचं गाव निमोणे, तालुका शिरूर. मी, बायको अर्चना आणि मुलगी श्रेया शिरूरला फ्लॅटमध्ये राहतो. धाकटी बहीण संगीता दौंडला दिलेली आहे, दाजी रेल्वेत आहेत. गावात आई आणि आप्पा — म्हणजे माझे वडील — दोघंच. आप्पा रिटायर्ड टर्नर. आता चार शेरडं सांभाळतात आणि दिवसभर त्यांच्याशीच गप्पा मारतात.

आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे गावी अडकलो होतो, तेव्हा श्रेयाने मोबाईलवर बघून कॅसिनोतला एकवीसचा खेळ सगळ्यांना शिकवला. पण तो खेळ पत्त्यांचा, आणि आमच्या घरात पत्ते चालत नाहीत. तरुणपणी आप्पांना पत्त्यांचा भारी नाद होता, म्हणून आईने त्यांना बिरोबापुढे उभं करून आण घ्यायला लावली होती. त्यानंतर त्यांनी पत्त्याला हात लावला नाही. हा खेळ बघून मात्र ते चुळबुळायला लागले. म्हणाले, “आण पत्त्याची हाय. फाशाची कुणी घेतलीय?”

“बिरोबाला काय येडं समजता व्हय?” असं आई म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच पाट मांडून बसली.

आधी लुडोचे फासे होते. पुढे आप्पांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यातून दोन फासे करून आणले. ठिपके ड्रिलने पाडलेले. मी घरी नेऊन मोजले, सवय माझी. एका फाशावर सहाच्या बाजूचा एक ठिपका जरासा सरकला होता. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “तुझ्या कंपनीत रिजेक्ट कर, हितं चालतंय.”

नियम सोपा. फासा टाकत जायचं, बेरीज करायची, एकवीसच्या पुढे गेला की मेला. मध्येच कुठेही ‘बस’ म्हणता येतं. ज्याची बँक असेल, म्हणजे ज्याच्याविरुद्ध बाकीचे खेळतात, त्याने बेरीज पंधराच्या वर जाईपर्यंत फासे उघडे टाकायचे आणि शेवटचा एक स्टीलच्या वाटीखाली झाकून ठेवायचा. समोरच्याने बस म्हटलं की वाटी उचलायची. बरोबरी झाली तर डाव बँकेचा. बँक नेहमी आईची असायची. चिंचोके लावायचे, दुसरं काही नाही.

लॉकडाऊन संपल्यावरही सुट्टीला गावी गेलो की हा खेळ व्हायचा, पण त्या रविवारी दुपारी चिंचोके नव्हते. मी दोघांच्या मागे लागलो होतो की आता शिरूरला राहायला चला. आप्पा म्हणत, शेरडं सोडून मी कुठं येत न्हाई. आई काहीच म्हणायची नाही. हो नाही, नाही नाही. त्या दिवशी मी फारच ताणून धरलं, तेव्हा ती म्हणाली, “एका डावावर ठरवू. माझी बँक आली तर शिरूर. तुमच्या आप्पांचा डाव आला तर हितंच. मग कुणी तोंड उघडायचं न्हाई.”

आईची बेरीज सोळा झाली. तिने शेवटचा फासा वाटीखाली टाकला. स्टीलवर स्टील वाजलेलं मी ऐकलं, अर्चनाने ऐकलं. आप्पा एकोणीसवर ‘बस’ म्हणाले. म्हणजे वाटीखाली तीन, चार किंवा पाच असेल तर आई जिंकली, एक, दोन किंवा सहा असेल तर आप्पा. आईने वाटीवर हात ठेवला, आमच्याकडे बघून जरा हसली, आणि म्हणाली, “थांबा, घाम का सुटलाय मला...”

गाडीत घालून शिरूरला नेलं. दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी मान हलवली.

घरी आणलं तेव्हा पाट, वाटी सगळं तसंच आतल्या खोलीत होतं. चुलती ते उचलायला गेली तर आप्पा म्हणाले, “डाव मोडू नका. ऱ्हाऊ द्या.” सगळ्यांना वाटलं, माणूस धक्क्यात आहे. कुणी शिवलं नाही. संगीताने आणि चुलतीने आईला आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. हाताची बोटं सरळ करून दोरा बांधला तो संगीतानेच. हातात काही नव्हतं, हे ती आजही शपथेवर सांगते. अग्नी मी दिला. लोक रडत होते आणि मी लाकडं नीट रचली आहेत का ते बघत होतो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

तिसऱ्याला आम्ही सावडायला गेलो. राखेवर दूध-पाणी शिंपडलं, अस्थी वेचायला बसलो. माझ्या बोटांना काहीतरी चौकोनी लागलं. दगड समजून उचललं, अंगठ्याने राख पुसली, तळहातावर उलटंपालटं केलं. फासा होता. आगीत निळसर-काळा पडलेला, पण शाबूत. सहाच्या बाजूचा एक ठिपका सरकलेला. मी तो खिशात टाकला आणि पुढच्या अस्थी वेचायला लागलो. शेजारी चुलतभाऊ होता, त्यालाही काही बोललो नाही.

घरी आप्पा पाटाजवळ भिंतीला टेकून बसले होते. मी फासा त्यांच्या हातात दिला आणि कुठे सापडला ते सांगितलं.

“येडा हायस का? फासा तर हितं हाय,” म्हणत त्यांनी वाटी उचलली.

खाली काही नव्हतं.

दुसरा, रोजचा चकचकीत फासा पाटावर उघडा पडला होता तसाच होता. वाटीखालचा नव्हता. अर्चनाने हात लावलेला नाही. चुलतीने नाही. आप्पा फक्त मातीला उठले होते, तेव्हाही ते खोलीला कडी घालून गेले, आणि ती कडी आल्यावर त्यांनीच काढली. त्यांनीच आईसोबत ठेवला असेल म्हणावं तर... त्यांचा चेहरा मी बघितलाय. हा विचार मी पुन्हा केला नाही.

आप्पांनी काळा फासा बोटांत फिरवला. रडतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, “किती पडलं व्हतं?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

“राखंत वर काय व्हतं, दत्ता? तीन का सहा? काय व्हतं?”

मागून संगीता हळूच म्हणाली, “दादा, चार म्हण.” चार म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी आप्पा गाडीत बसले असते, शेरडं कुणाला तरी दिली असती. पण न बघितलेलं रीडिंग मी आजवर कधी लिहिलेलं नाही. तोंडातून आपोआप निघालं, “मी बघितलं नाही, आप्पा.”

ते म्हणाले, “मंग तिच्या मनात काय व्हतं, ते कुणालाच कळायचं न्हाई आता.”

संगीता दौंडला जाताना माझ्याशी नीट बोलली नाही. “तुझं ते रीडिंग घाल चुलीत,” एवढंच म्हणाली. आप्पा निमोण्यातच आहेत, एकटे. मी सुट्टीला जातो, चला म्हणतो. ते म्हणतात, “कशावरून?” अर्चना जाऊन डबा ठेवून येते, निम्मा तसाच परत येतो.

आता तुम्ही खाली लिहाल, कुणीतरी गुपचूप ठेवला असेल, लोखंडाला असं होतं, आत्म्याला तसं होतं. लिहा. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि आता मला ते नकोय. तो तिथे कसा गेला हे नाही कळलं तरी चालेल. मी बोट लावलं त्याच्या आधी त्याच्या वरच्या बाजूला किती ठिपके होते, तेवढं कुणाला सांगता येत असेल तर सांगा.