सासूबाईंची गिरणी

माझ्या सासूबाई जुन्या मॅट्रिक. लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांच्या. पुढे सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा कऱ्हाडातली घराखालची पिठाची गिरणी त्यांनी हातात घेतली आणि अठरा वर्षं चालवली. पट्टा सुटला तर स्वतः चढवायच्या, झिजून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने टाकीही स्वतःच लावायच्या. कुणी ओलं धान्य आणलं तर डब्यासकट घरी पिटाळायच्या. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या अपार्टमेंटमध्ये बसून बसून मला वेड लागायची पाळी आली होती, म्हणून मी कम्युनिटी कॉलेजात ह्युमॅनिटीजचा कोर्स घेतला. ओळखीच्या सगळ्याजणी कॉम्प्युटर शिकत होत्या. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काकू चारचौघांत म्हणाल्या, "कल्चर शिकून कुणी जॉब देतं का गं?" तेव्हापासून मी इरेला पेटले. ए मिळवून दाखवायचाच. पण पहिल्याच पेपरला, म्हणजे घरून लिहून न्यायच्या निबंधाला, सी! त्यात प्राध्यापक बाईंनी फक्त एका ओळीखाली कौतुकाची रेघ मारली होती. माझ्या आजीला शाळेत जाऊ दिलं नाही, ती ओळ. मी काय समजायचं ते समजले.

दुसरा पेपर होता, घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी बोलून तिचं आयुष्य लिहायचं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्याच होत्या, पलीकडे बसून मेथी निवडत होत्या. मी त्यांना एक प्रश्न विचारला नाही. टाइपरायटरपुढे बसले आणि दिलं ठोकून. अकराव्या वर्षी लग्न, शाळा बंद, जन्मभर चूल आणि मूल. गिरणी गाळून टाकली, कारण गिरणीवाल्या बाईची कीव कुणाला येणार? आणि खरं सांगते, मनात खुन्नसही होती. आदल्याच दिवशी माझी आमटी त्यांनी पाणचट ठरवली होती.

ए आला. सोबत चिठ्ठी होती: सासूबाईंना एकदा वर्गात घेऊन ये.

चिठ्ठी मी लपवणार होते, पण ती नवऱ्याच्या हाती लागली आणि त्याने आईला वाचून दाखवली. पेपर त्याने मागितला नाही, एवढंच नशीब. सासूबाई हरखल्या. इरकल नऊवारी, वर लेकाचा कोट, पायात लोकरी मोजे आणि बूट. पहाटे उठून बेसनाचे लाडू वळले, वर्गातल्या मुलांसाठी म्हणून. कॉलेजच्या पार्किंगमध्ये मी म्हटलं, "आई, डबा गाडीतच राहू दे. इथे असं चालत नाही." चालत होतं. मलाच लाज वाटत होती.

वर्गात त्यांना खुर्ची दिली. सगळ्यांच्या हातात माझ्या पेपरची कॉपी होती. पहिल्याच बाकावरच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, "अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा तुम्हाला भीती वाटली का?" मी मराठीत सांगताना अकरा गाळलं. "आई, विचारतायत, लग्नात भीती वाटली का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "सांग त्यांना. एकोणिसाची घोडी होते मी. भीती वाटली असेल तर तुझ्या सासऱ्यांना!" आणि हसल्या.

मी वर्गाला सांगितलं, "त्या म्हणतात, आता त्या आठवणीवर हसायला शिकलेय."

मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. सासूबाई मात्र गिरणीकडे वळल्या. छिन्नी कशी धरायची, दगडाला टाकी कशी लावायची, हात उचलून दाखवत होत्या. माझ्या पेपरात गिरणीच नव्हती, मग ती आता आणू कुठून? मी म्हटलं, "त्यांना दगड फोडावे लागले."

ती मुलगी रडायला लागली. सासूबाई उठल्या, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. प्राध्यापक बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि पुन्हा पुन्हा 'सॉरी' म्हणत राहिल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी डबा मांडीवर घेतला. गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "मॅट्रिकला इंग्रजी होतं मला. बोलायला जीभ वळत नाही, पण इलेव्हन कळतं."

मी म्हणाले, "मग तिथेच का नाही बोललात?"

"परक्यांच्या देशात, चार लोकांत, सुनेला खोटं पाडू? वेडी की काय!" मग म्हणाल्या, "मार्क किती मिळाले?"

"ए. सगळ्यात वरचा."

"झालं तर मग." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "लग्न अकराव्या वर्षी लावायचं होतंस तर लाव, बाई. पाळण्यात लाव. पण गिरणी तरी ठेवायचीस गं माझी."

पुढच्या तासाला प्राध्यापक बाईंना सगळं सांगायचं, असं मी गाडीतच ठरवलं होतं. गेले, बसले, परत आले. कोर्स संपला तेव्हा मला ए मिळाला आणि तो मी घेतला.